माशी लागणारच नाही असं ज्वारीचं बी का निघत नाही?

दसरा झाला की आमच्या मोहोळ तालुक्यातल्या शिवारात रब्बीची ज्वारी चार-पाच पानांवर आलेली असते. मागच्या हंगामात अशाच एका सकाळी तात्यांबरोबर, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांबरोबर, रानात गेलो होतो. चालता चालता ते खाली वाकले, एका रोपाचा वाळलेला मधला पोंगा दोन बोटांत धरला आणि वर ओढला. जोर लावावाच लागला नाही, पोंगा अलगद हातात आला. खालचं टोक तपकिरी पडलेलं, कुजलेलं. नाकाशी नेलं तर घाण वास. त्यांनी ते टोक नखाने फोडलं, तेव्हा आत पांढरट पिवळी, तांदळाच्या कणीएवढी अळी वळवळत होती.

"पोंगेमर," तात्या म्हणाले. मग पोंगा बांधावर टाकून त्यांनी विचारलं, "आरं, तू एवढा शेतकी शिकलास. चंद्रावर यान गेलं आपलं. मग माशी लागणारच नाही असलं बी काढायला काय अडचण हाय?"

उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. त्या रात्री ओट्यावर बसून मी जे सांगितलं तेच इथे लिहितोय. खोडमाशीने हाच प्रश्न सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, बार्शी इथल्या कितीतरी शेतकऱ्यांना पाडलेला आहे.

आधी माशी काय करते ते नीट बघू. खोडमाशी घरमाशीपेक्षा बरीच लहान आणि करड्या रंगाची असते. ज्वारी उगवून आठवडा झाला की ती शेतात उतरते आणि साधारण महिनाभरच रोपांच्या मागे असते. मादी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला समांतर, एकेक सुटं अंडं घालते. अंडं पांढरं, लांबट आणि जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं. पान उलटून, डोळे बारीक करून पाहिलं तर दिसतं. दोनेक दिवसांत त्यातून अळी निघते. ती पानावरून रांगत पोंग्यात शिरते, खाली वाढीच्या कोंबापर्यंत जाते आणि तो कापते. मग त्या कुजणाऱ्या भागावर जगते. म्हणजे अंड्यापासून कोंबापर्यंतचा काही सेंटिमीटरचा रस्ता अळीला स्वतः चालून जावा लागतो, आणि रोपाला प्रतिकाराची संधी मिळते ती याच रस्त्यावर.

अमेरिकेतल्या कॅन्ससचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली पिकाच्या प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले आणि ती मांडणी आजही वापरात आहे. पहिला प्रकार, किडीला ते झाड आवडत नाही. दुसरा, झाडावर कीड येते पण तिथे तिचं पोषण नीट होत नाही. तिसरा, कीड लागते, खाते, तरी झाड सोसून उभं राहतं. खोडमाशीच्या बाबतीत ज्वारी हे तिन्ही मार्ग थोडेथोडे वापरते. तात्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या 'थोडेथोडे'मध्ये आहे.

आवडीनावडीपासून सुरुवात करतो, कारण ती घरी बघता येते. काही ज्वारींची रोपं फिकट हिरवी, अरुंद पानांची, ताठ आणि चकचकीत असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ती ओळखू येतात. माशीला गडद हिरवं, रुंद, मऊ पान जास्त भावतं. चकचकीत पानावर ती बसते, पण अंडी कमी घालते. हा चकचकीतपणा तपासायची एक सोपी रीत आहे. मी दोन ट्रेमध्ये रोपं उगवली, एकात मालदांडी, म्हणजे आपली जुनी रब्बी ज्वारी, आणि दुसऱ्यात खरिपाची हायब्रीड ज्वारी. बाराव्या दिवशी, केस कापताना न्हावी वापरतो तसल्या फवाऱ्याने दोन्हींवर पाणी मारलं. हायब्रीडच्या पानांवरून थेंब घरंगळून गेले, अगदी अळवावरचं पाणी. मालदांडीची पानं मात्र ओली झाली, थेंब चिकटून राहिले. तात्यांना आधी हे उलटं वाटलं, कारण चकचकीत पानावरून पाणी ओघळायला हवं होतं. पण पाणी झटकतो तो पानावरचा मेणाचा पांढुरका थर. चकचकीत रोपावर त्या वयात तो थर नसतो, म्हणून पान चकाकतं आणि म्हणूनच भिजतंही.

नावडीचं दुसरं साधन लव. पानाच्या खालच्या बाजूला, म्हणजे माशी जिथे अंडी घालते तिथेच, काही वाणांत सूक्ष्म टोकदार केस असतात. बोट फिरवून ते नीट कळत नाहीत, भिंगाखाली दिसतात. माशीला तिथे अंडं चिकटवायला आणि अळीला रांगायला ते अडचणीचे ठरतात. तिसरी गोष्ट पोंग्यातल्या ओलीची. पहाटे ज्वारीच्या पोंग्यातल्या कोवळ्या पानावर पाण्याचा पातळ थर येतो. तो दवाचा नसतो, झाडाच्या आतूनच झिरपतो. अळी त्या ओलीवरून सरकत खाली उतरते. चिवट वाणांचा पोंगा पहाटे कोरडा असतो, त्यामुळे अळी वाटेतच अडते. वरच्या पाण्याच्या परीक्षेची आणि या ओलीची गल्लत करू नका. एकात बाहेरून मारलेलं पाणी पानाला चिकटतं का ते पाहायचं असतं, दुसरी ओल आतून येते. त्याशिवाय पानातले सिलिकाचे कण. मद्रासकडे पोन्नय्या यांनी १९५१ मध्येच प्रतिकारक वाणांच्या कोवळ्या पानांत हे कठीण कण नोंदवले होते. आणि वाढीचा वेगही आहे. जे रोप सुरुवातीला झपाट्याने उंच होतं, ते अळी पोचेपर्यंत कोंब पुढे नेतं.

आता कुणी म्हणेल, कोवळ्या ज्वारीत विषही असतं की. खरं आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागतं, ते धुरिन नावाच्या द्रव्यामुळे. पान चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. हे द्रव्य बनवायचं काम ज्वारीत मुख्यतः तीन जनुकं करतात. २००१ साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी ती तिन्ही मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात घातली, तर पानं कुरतडणाऱ्या भुंग्याने त्या रोपाकडे पाठ फिरवली. पण आपली खोडमाशी पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवरच पोसलेली. किराळाने ती अडत नाही. ज्या विषाने म्हैस आडवी होते त्याच रोपात तांदळाच्या कणीएवढी अळी मजेत वाढते. तात्यांना हे ऐकून फार आश्चर्य वाटलं, आणि मला आजही वाटतं.

अंगातले हे गुण आई-बापाकडून पोरात कसे उतरतात, हा खरा अवघड भाग आहे. तो सावकाश घेऊ.

ज्वारीत गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. लवेचंच बघा. पानाखाली लव आणणारी प्रत अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती लवेच्या असतील तरच लव येते. एक प्रत लवेची आणि एक बिनलवेची असेल तर पान गुळगुळीतच राहतं. चकचकीतपणाचंही साधारण असंच. याचा परिणाम फार मोठा आहे. समजा लव असलेल्या मालदांडीसारख्या वाणाचा संकर भरघोस उत्पन्नाच्या, बिनलवेच्या वाणाशी केला. पहिल्या पिढीतलं प्रत्येक रोप एक-एक प्रत घेऊन येणार आणि प्रत्येकाचं पान गुळगुळीत निघणार. हायब्रीड बियाणं म्हणजे हीच पहिली पिढी. म्हणून हायब्रीडमध्ये खोडमाशीचा प्रतिकार आणायचा तर तो नर आणि मादी अशा दोन्ही ओळींत, म्हणजे त्याच्या आई-बापाच्या घराण्यांत, आधी बसवावा लागतो. भारतातलं पहिलं ज्वारीचं हायब्रीड, सीएसएच १, १९६४ साली आलं आणि त्याने उत्पन्न कुठल्या कुठे नेलं. पण त्याचे आई-बाप बाहेरच्या, बुटक्या, माशीला बळी पडणाऱ्या घराण्यातले होते. पेरणी जरा लांबली की खोडमाशी त्याच्यावर तुटून पडायची.

त्या पहिल्या पिढीचं बी पुन्हा पेरलं तर दुसऱ्या पिढीत चारातलं एक रोप लवेचं निघतं. एकाच जनुकाचा प्रश्न असेल तर काम सोपं आहे, चारातून एक निवडायचं. पण आपल्याला लव हवी, चकचकीतपणा हवा, कोरडा पोंगा हवा. दोन अप्रभावी जनुकं एकत्र हवी असतील तर सोळातलं एक रोप. तीन असतील तर चौसष्टातलं एक. पाच असतील तर १,०२४ मधलं एक. आता हे आपल्या मापात बसवू. रब्बी ज्वारी ४५ बाय १५ सेंटिमीटरवर ठेवली तर एका गुंठ्यात सुमारे १,५०० ताटं बसतात. म्हणजे अख्ख्या गुंठ्यात पाचही गुण जुळलेलं ताट एखाददुसरंच. बरं, त्याच ताटाला कणीस भरघोस हवं, दाणा टपोरा, मोत्यासारखा हवा, भाकरी पांढरी आणि मऊ व्हायला हवी, कडबा गुरांनी आवडीने खायला हवा आणि ऑक्टोबरनंतर पावसाचा थेंब न पडता काळ्या जमिनीतल्या ओलीवर ते पिकायला हवं. मंगळवेढ्याचा शेतकरी यातली एकही गोष्ट सोडायला तयार होणार नाही, आणि त्याने का सोडावी?

आणि ही पाच जनुकांची गोष्ट मी समजायला सोपी करून सांगितली. प्रत्यक्षात प्रतिकार अनेक जनुकांत वाटलेला आहे आणि प्रत्येकाचा वाटा लहान आहे. त्यातली बरीच जनुकं नेमकी कोणती, हे बोट ठेवून सांगता येत नाही. मग शास्त्रज्ञ जागा शोधतात. समजा सोलापूर-पुणे रस्त्यावर एक गाव शोधायचंय आणि त्याच्या नावाची पाटी कुठेच नाही. पण दहा जणांना विचारल्यावर एवढं कळतं की ते मोहोळ सोडल्यावर आणि टेंभुर्णीच्या अलीकडे आहे. गाव सापडलं नाही, पण रस्त्याचा तुकडा सापडला. गुणसूत्रावरच्या अशा तुकड्याला क्यूटीएल म्हणतात, आणि मोहोळ-टेंभुर्णीसारख्या ओळखीच्या खुणांना मार्कर.

हे शोधायला संकरातून निघालेल्या शेकडो ओळी पेरतात. माशी हमखास यावी म्हणून आधी कडेला माशीला आवडणारी ज्वारी लावून ठेवतात आणि शेतात सुकटीची पूड टाकतात. खोडमाशी सुकटीच्या वासाला धावते. मग प्रत्येक ओळीतले पोंगे मोजायचे, अंडी मोजायची, भिंगाखाली लव मोजायची, आणि त्या ओळीकडे कुठल्या पूर्वजाचा कुठला तुकडा आलाय ते तपासायचं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथे आणि भारतीय ज्वारी संशोधनात हे काम अनेक वर्षं झालं. सीएसएच ९ या हायब्रीडच्या मादीकडची ओळ २९६बी आणि इथिओपियाकडची चिवट ओळ आयएस १८५५१ यांच्या संकरातून २००९ साली जे तुकडे समोर आले, त्यात पाचव्या आणि दहाव्या गुणसूत्राचं वजन मोठं होतं. पाचव्यावर चकचकीतपणाचा तुकडा, दहाव्यावर लवेचा. ज्वारीचा संपूर्ण जनुकीय आराखडाही त्याच वर्षी जगापुढे आला.

तुकडा माहीत असल्याचा फायदा काय? चांगल्या वाणात तो आणायचा तर एकदा संकर करून, निघालेल्या पोरांचा पुन्हा पुन्हा त्या चांगल्या वाणाशीच संकर करतात. दर वेळी दात्याचा वाटा निम्मा होतो, आधी ५० टक्के, मग २५, मग साडेबारा, मग सव्वासहा. म्हणजे घर आपलंच राहतं, त्यात फक्त हवी ती वस्तू बाहेरून येते. अडचण अशी की लव अप्रभावी. या मधल्या रोपांत ती दिसतच नाही. कुठल्या रोपात लवेची प्रत लपलीय हे कळायला आधी प्रत्येकाचं बी धरून पुढची पिढी उगवून बघावी लागायची. रब्बीचं पीक, वर्षातून एकदा येणारं. एकेका पायरीला दोन-दोन वर्षं. मार्करमुळे रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत तपासला की झालं, लपलेली प्रतही दिसते. परभणी मोती या रब्बी वाणात खोडमाशीच्या प्रतिकाराचे तुकडे याच रीतीने आणले गेले आहेत.

एकाच जनुकाने पुरा बंदोबस्त होतो, असं मग कुठे घडतच नाही का? घडतं, आणि उदाहरण आपल्याच ज्वारीतलं आहे. ज्वारीवर मावा पडून पानं चिकट होतात, त्याला आपण चिकटा म्हणतो. २०१३ पासून याच जातकुळीच्या माव्याने अमेरिकेत टेक्सासच्या बाजूने धुमाकूळ घातला, पुढे हैतीतली ज्वारीही झोपवली. हैतीत पैदासकारांच्या शेतात काही ओळी मात्र ताठ उभ्या राहिल्या. तपासल्यावर त्यांच्यात सहाव्या गुणसूत्रावरचा एकच तुकडा सापडला, आरएमईएस१ नावाचा. त्याचं मूळ इथिओपियाच्या जुन्या ज्वारीत. तो प्रभावी आहे, त्यामुळे एका पालकाकडून आला तरी पुरतो. पैदासकाराच्या दृष्टीने यापेक्षा सुखाची गोष्ट नाही.

पण एका खिळ्यावर टांगलेल्या ओझ्याची जी भीती असते ती इथेही आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ साली आयआर २६ हा भाताचा वाण दिला. तपकिरी तुडतुड्याला रोखणारं एकच जनुक त्यात होतं. दोन-तीन वर्षांतच ते जनुक पचवणारे तुडतुडे शेतात दिसू लागले. आपल्याकडचा बीटी कापूस आठवा. २००२ साली तो आला, त्यातलं विषाचं जनुक मातीतल्या जिवाणूचं, आणि गुलाबी बोंडअळीने आधी एकाला, मग दोन जनुकांच्या वाणालाही पचवलं. ज्या अळ्यांत योगायोगाने वेगळी प्रत होती त्या वाचल्या, बाकीच्या मेल्या, आणि पुढची पिढी वाचलेल्यांचीच झाली. कुलूप एकच असेल तर एका किल्लीने दार उघडतं.

आता मालदांडीकडे या. तिची एम ३५-१ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात झाली, आपल्याच भागातल्या ज्वारीतून. तिच्यात खोडमाशीचा प्रतिकार मध्यम आहे. पोंगे वाळतात, पण सगळं रान जात नाही. शिवाय मुख्य कोंब मेला तर ती बाजूने फुटवे काढते आणि त्यातल्या काहींना कणसं येतात. हा पेंटर यांचा तिसरा प्रकार, सोसण्याचा. आणि हा मध्यम प्रतिकार इतक्या दशकांनंतरही शेतात काम देतो आहे. माझ्या मते याचं कारण हेच की त्यात लव, चकचकीतपणा, पोंग्यातली ओल, वाढीचा वेग आणि फुटवे अशी बरीच कुलपं आहेत, प्रत्येक छोटं. माशीच्या एका पिढीला ती सगळी एकदम उघडता येत नाहीत. आणि ती लावली कुणी? बऱ्याच अंशी माशीनेच. शेकडो वर्षं ज्या ताटाचा पोंगा गेला त्याला कणीस आलं नाही, जे तगलं त्याचं कणीस आपल्या आजी-पणजीने बियाण्यासाठी उतरंडीत राखून ठेवलं.

तरीही एक मर्यादा आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. नावड तोवरच चालते जोवर माशीला दुसरं काही मिळतं. आजूबाजूला सगळीकडे चकचकीत, लवेची ज्वारीच असेल तर ती तिथेही अंडी घालते. गरजवंताला अक्कल नसते, तसंच. म्हणून बियाणं कितीही चांगलं असलं तरी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही पेरणीची वेळ, बीजप्रक्रिया आणि विरळणी यांना सुट्टी नाही. वाणही जमिनीप्रमाणेच घ्यायचा, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी काळ्या रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा.

एवढं ऐकून तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे माशी लागणारच नाही असलं बी आलं, तर ते लवकर मोडंल. आणि हे आपलं कमी लागणारं टिकंल."

मी म्हणालो, साधारण तसंच.

यंदा विरळणीला ते रानात बसले तेव्हा प्रत्येक रोपाचं पान उलटून बघत होते. अंडं दिसलं की ते रोप उपटायचं आणि शेजारचं ठेवायचं. उपटलेली रोपं बांधावर न टाकता त्यांनी पाटीत भरून बाहेर नेऊन पुरली. एका कोपऱ्यात, जिथे पोंगेमर जास्त होती, तिथे बिनधोक राहिलेल्या वीस ताटांना त्यांनी लाल दोरा बांधला. मी सांगितलं की यातली काही नुसती नशिबाने वाचली असतील, माशी त्यांच्याकडे गेलीच नसेल. खरी कोणती हे कळायचं तर प्रत्येक कणसाचं बी वेगळं ठेवून पुढच्या वर्षी एकेकाची वेगळी ओळ पेरायची आणि कुठल्या ओळीत पोंगे कमी वाळतात ते मोजायचं. ज्वारी बहुतेक स्वतःच्याच परागावर फळते, त्यामुळे कणसाचे गुण पुढे बऱ्यापैकी तसेच उतरतात. मोहोळला तेव्हा निवड झाली ती याच धर्तीवर.

वीस कणसं आता वीस छोट्या फडक्यांत बांधून माळवदाच्या खोलीत आढ्याला टांगलेली आहेत. काकूंनी प्रत्येकावर पेनाने नंबर घातलाय. सात नंबरचं कणीस तात्यांच्या मते सगळ्यांत चांगलं आहे. ओळ कुठली टिकते ते हस्ताच्या पेरणीनंतर बघू.